शिक्षेचा तक्ताच करून टाकला तर काय बिघडेल?

तुमचा प्रश्न असा की एकाच गुन्ह्याला एक न्यायाधीश दोन वर्षं देतो, दुसरा आठ, मग सरळ तक्ता करा, गुन्हा बघा, आकडा वाचा, विषय संपला. मी काही वर्षं क्रिमिनल साइडला वकिली केलीय, तर माझ्या अनुभवातून सांगतो.

तुमची तक्रार खरी आहे. घातक हत्याराने गंभीर दुखापत घ्या. जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम 326 ला 10 वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप होती, खाली मर्यादाच नव्हती. तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत खाली 1 वर्ष टाकलंय, म्हणजे आता 1 ते 10 किंवा जन्मठेप, आणि यात नेमकं कुठे थांबायचं हे सांगणारं काहीच नाही. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमठ समितीने 2003 मध्येच म्हटलं होतं की शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं करा, अजून झालेली नाहीत.

पण तक्ता अमेरिकेने करून बघितलाय. 1984 चा कायदा, 1987 पासून लागू, 43 ओळी आणि 6 रकाने, ओळीत गुन्ह्याचं गांभीर्य, रकान्यात आरोपीचा जुना रेकॉर्ड, जिथे दोन्ही भेटतात तिथे किती ते किती महिने कैद याची रेंज. सुरुवातीला हे तिथल्या फेडरल (केंद्रीय) कोर्टांवर जवळपास बंधनकारकच होतं. झालं काय, की न्यायाधीशाचा हात बांधला पण सरकारी वकिलाचा सुटला, कारण कुठली कलमं लावायची, ड्रगच्या केसमध्ये किती माल दाखवायचा, कशावर तडजोड करायची हे तो ठरवतो आणि तक्त्यात कुठल्या चौकोनात पडायचं ते तिथेच ठरतं. डिस्क्रिशन (स्वतः ठरवायची मोकळीक) संपलं नाही हो, न्यायाधीशाच्या खोलीतून सरकारी वकिलाच्या खोलीत गेलं फक्त. आणि न्यायाधीशाला निदान उघड्या कोर्टात कारणं द्यावी लागतात, अपील होतं, सरकारी वकिलाने अमुक कलम का लावलं नाही हे तुम्ही कुणाला विचारणार? शेवटी 2005 च्या बुकर निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तक्ता सल्ल्यापुरता ठेवला.

आकडा बघून शिक्षा देण्याचा कळस म्हणजे 1991 ची चॅपमन केस (ती तक्त्याची नाही, कायद्यातल्या किमान शिक्षेची, पण दुखणं तेच). एलएसडी या नशेच्या ड्रगचे 1000 डोस कागदात भिजवलेले, शुद्ध ड्रग साधारण 50 मिलिग्रॅम, कागदासकट वजन 5.7 ग्रॅम, आणि 1 ग्रॅमच्या पुढे किमान 5 वर्षं. कोर्टाने कागद धरून वजन केलं! म्हणजे शुद्ध माल बाटलीत ठेवणारा 1 ग्रॅमच्या आत राहिला आणि कागदवाला अडकला, डोस तेवढेच. सारखेपणासाठी केलेल्या नियमाने असा वेडेपणा केला.

मला इंग्लंडची पद्धत बरी वाटते. तिथे 2010 पासून सेंटेन्सिंग कौन्सिल, म्हणजे शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था आहे, नुकसान किती आणि दोष किती यावरून सुरुवातीचा आकडा आणि रेंज मिळते, मग कमी जास्त करणाऱ्या गोष्टी, लवकर गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांशापर्यंत सूट. न्यायाधीशाला हे पाळावंच लागतं, मात्र तसं करणं न्यायाच्या विरुद्ध असेल तर बाहेर जाता येतं, पण का गेलो ते सांगावं लागतं.

आपल्याकडे नेमकं तेच 'का' नसतं. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर आरोपीचं ऐकायचं ही तरतूद जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम 235(2) मध्ये होतीच, पण मी पाहिलंय की बऱ्याचदा त्याच दिवशी, पाच मिनिटांत, बचावाचा वकील म्हणतो घरात कमावता हाच एक आहे, सरकारी वकील म्हणतो कडक शिक्षा द्या, आणि निकालात दोन ओळी, 'गुन्ह्याचं स्वरूप पाहता'. बाकी माणूस कोण, का केलं, सुधारू शकेल का, याचा कागदच समोर नसतो. मग 2 काय आणि 8 काय, अपिलात तपासणार तरी कशावरून?