बॉनेटवर पीपीएफ घरीच लावावी काय?

प्रश्न : आग्रा-मुंबई महामार्गावरून नेहमी जावे लागत असल्याने गाडीच्या बॉनेटचे टवके उडू लागले आहेत. पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगाचे रक्षण करणारी पारदर्शक फिल्म) मी स्वतः लावू शकेन का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : अवश्य, मात्र आरंभ बॉनेटपासून न करता दाराच्या मुठीमागील खोबणीसारख्या लहान भागापासून करावा. उडालेले टवके फिल्मखाली झाकले जात नाहीत, म्हणून ते आधी टच-अप रंगाने भरून पूर्ण वाळू द्यावेत. ही फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. गाडी धुऊन, क्ले बारने (मऊ मातीसारख्या वडीने) रंगाला चिकटलेले कण काढल्यावर, बेबी शाम्पूचे काही थेंब घातलेले पाणी पत्र्यावर व फिल्मच्या चिकट बाजूवर भरपूर फवारावे, म्हणजे फिल्म सरकवून जागेवर बसवता येते. मग स्क्वीजीने (पाणी निपटण्याच्या पट्टीने) मध्यापासून कडांकडे पाणी काढावे. इंदूरच्या मे महिन्यात उन्हातल्या पत्र्यावर हे पाणी क्षणात आटते, तेव्हा बंद गॅरेजमधील सकाळ उत्तम. पंखा मात्र बंदच ठेवावा. एक धूलिकण अडकला तरी तो कायम दिसत राहतो. फिल्म गाडीवरच ब्लेडने कापण्याचा मोह टाळावा, कारण रंगावर चर पडते; मॉडेलनुसार कापलेला संच घ्यावा. बंपरच्या वळणांचे काम मी तरी कारागिराकडेच सोपवीन.