तेर आणि नळदुर्ग एका दिवसात?

प्रश्न : लातूरहून एका दिवसात तेर आणि नळदुर्ग होईल का? सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत.

उत्तर : स्वतःची गाडी असेल तर होईल. सकाळी लवकर निघा आणि मुरूड-ढोकीमार्गे आधी तेर गाठा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची सुटी कोणत्या वारी असते ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या वस्तू बघायला दीड तास तरी हवाच. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणाही इथे दिसतात. जवळच त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आहे. त्याची मागची बाजू गोलाकार आणि छत हत्तीच्या पाठीसारखं आहे, म्हणून बाहेरून पूर्ण फेरी मारा. समोरूनच परतलात तर खरी गंमत हुकते.

नंतर धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्ग. बोरी नदीवरच्या दगडी बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातला, १६१३चा. बंधारा भरून वाहू लागला की नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतल्या सज्जातून समोर पाण्याचा पडदा दिसतो. मराठवाड्यात परतीचा पाऊस उशिरा येतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पाऊस कमी झाला तर धबधबे कोरडेच. महालात उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. आईवडिलांना धरून उतरवा, चप्पल रबरी तळाची हवी. उपळ्या बुरुजाची चढण मात्र त्यांना करायला लावू नका. किल्ला पसरट आहे, पाणी सोबत ठेवा. शक्यतो रविवार टाळा.