अँग्विश, अंहस् आणि अंबाबाईचं साकडं

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीला मुलाखतीआधीच्या धाकधुकीसाठी 'नर्व्हस'पेक्षा 'अ‍ॅडव्हान्स्ड' इंग्रजी शब्द हवा आहे. क्लासमध्ये तिला वाक्य लिहून दिलं गेलं : 'आय वॉज इन अँग्विश बिफोर माय इंटरव्ह्यू.' जोडीला तिचा आणखी एक प्रश्न आहे. 'अँगर' हा शब्द आपल्या 'अंगार'वरून गेला असं तिथले सर सांगतात, ते खरं का?

दोन्ही चूक. पहिली चूक जास्त नुकसान करणारी आहे, कारण ती यादीतून येते. सॅडऐवजी मेलँकली, हॅपीऐवजी एक्स्टॅटिक, वरीडऐवजी अँग्विश्ड, असे दोन रकाने आखून मुलांकडून पाठ करून घेतात. डावीकडचा शब्द साधा, उजवीकडचा भारी, आणि भारी लिहिला की गुण जास्त, अशी समजूत. भावनेच्या शब्दांना असा साधा आणि भारी दर्जा नसतोच. प्रत्येक शब्द शरीराच्या कुठल्या तरी जागी हात ठेवतो. ती जागा कळली की शब्द चुकत नाही.

'नर्व्हस'चंच बघा, ज्याला मुलं बाळबोध समजतात. लॅटिन 'नेर्वुस' म्हणजे स्नायुबंध, दोरीसारखी चिवट शीर. आपला 'स्नायू' त्याचाच नातेवाईक. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजीत 'नर्व्हस' माणूस म्हणजे पिळदार, ताकदीचा माणूस, आणि 'नर्व्हस' लेखनशैली म्हणजे जोरकस शैली. शाहू महाराजांनी बांधवलेल्या खासबागेच्या मैदानात उतरणारा पैलवान त्या काळच्या इंग्रजाने बिनदिक्कत 'नर्व्हस' म्हटला असता. पुढे वैद्यकाने 'नर्व्ह' हा शब्द मज्जातंतूंसाठी पक्का केला, आणि ज्याचे मज्जातंतू कमकुवत तो 'नर्व्हस' ठरला. आपण रोज म्हणतो ते 'टेन्शन' असंच. लॅटिनमधला ताणणे हा धातू आणि संस्कृत 'तन्' एकाच घरातले, त्यामुळे 'टेन्शन' आणि 'ताण' ही सख्खी भावंडं आहेत. मुलाखतीआधी हात थरथरतात, वाक्य तुटतं, त्याला 'नर्व्हस' हाच नेमका शब्द आहे. त्याच्यावर दुसरा शोधायची गरज नाही.

'अँग्विश' ही वेगळीच गोष्ट, जीव पिळवटून टाकणारी यातना. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं छपरांवर जाऊन बसली, दावणीची जनावरं सोडायलाही वेळ मिळाला नाही. त्या माणसांचं जे झालं त्याला 'अँग्विश' म्हणावं. पंधरा मिनिटांच्या मुलाखतीला तो शब्द लावला की वाचणारा इंग्रजीचा जाणकार थबकतो, आणि उमेदवाराला शब्दाचं वजन माहीत नाही हे त्याला कळतं.

पण हा शब्द मला फार प्रिय आहे, आणि कारण त्याच्या पोटात आहे. 'अँग्विश' आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे तो आला लॅटिन 'अंगुस्तिआ'वरून. त्याचा अर्थ अरुंदपणा, चिंचोळी जागा. मागे 'अंगेरे' हे क्रियापद उभं आहे : आवळणे, गळा दाबणे. 'अँक्शस' त्याच्याच पोटचा. जर्मन 'आंग्स्ट' आणि 'एंग', म्हणजे भीती आणि अरुंद, हे दोघे त्याच मुळाचे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे छातीच्या एका दुखण्याचं वर्णन वाचलं. त्यात गळा आवळल्यासारखं वाटतं आणि चिंता दाटते, म्हणून त्याने दुखण्याला नाव दिलं 'अँजायना पेक्टोरिस'. हृदयरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरची अँजायना आणि परीक्षार्थीची अँग्झायटी अशी गळ्याला गळा लावून उभी आहेत. इतकंच काय, यादीत डाव्या रकान्यात पडलेला 'वरी'सुद्धा मुळात गळा आवळणेच. मूळ वेगळं, कल्पना तीच. जुन्या इंग्रजीत 'विर्गन' म्हणजे गळा दाबून मारणे. पुढे कुत्रा मेंढीच्या मानेला झोंबतो त्याला 'वरी' म्हणू लागले, आणि काळजी करत बसणे हा अर्थ थेट एकोणिसाव्या शतकातला. मग 'वरी' साधा आणि 'अँग्विश' अ‍ॅडव्हान्स्ड, हे ठरवलं कोणी?

आता खरा आनंदाचा भाग. हे मूळ आपल्याकडेही आहे, आणि फार जुनं आहे. ऋग्वेदात 'अंहु' म्हणजे अरुंद, आणि 'अंहस्' म्हणजे कोंडी, क्लेश, संकट. पहिल्या मंडलातलं ११५ वं सूर्यसूक्त पुष्कळांना पाठ असतं. त्याच्या शेवटच्या ऋचेत सूर्य उगवताना देवांकडे मागणं आहे : 'निरंहसः पिपृता निरवद्यात्'. आम्हाला अंहसातून पार करा, निंद्य गोष्टीतून पार करा. भाषांतरकार इथे 'पाप' लिहून मोकळे होतात. नंतरच्या संस्कृतात तो अर्थ आहे हे मान्य, पण या ऋचेत 'पाप' घातलं की शब्दाचा जीव जातो. पार करा असं माणूस कधी म्हणतो? अडकला असेल तेव्हा. ऋषी कोंडीतून बाहेर काढा म्हणतो आहे, आणि 'निः' हा उपसर्ग दोनदा घालून म्हणतो आहे.

इथेच 'अंगार'चा निकाल लागतो. 'अँगर' इंग्रजीत आला प्राचीन नॉर्समधून, जहाजांवरून आलेल्या उत्तरेकडच्या लोकांबरोबर. तिथे 'आंगर' म्हणजे दुःख, क्लेश. राग नव्हे. मध्ययुगीन इंग्रजीतही तो आधी क्लेशाच्या अर्थाने वापरला गेला, राग नंतर आला. म्हणजे तोही त्याच अरुंद गल्लीतला, 'अंहस्'चा भाऊबंद. 'अंगार'शी त्याचा संबंध फक्त कानाला वाटतो. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये ध्वनींचे जे नियम मांडले, त्यांप्रमाणे संस्कृतातल्या 'ग'च्या जागी इंग्रजीत 'क' यायला हवा. बैलाच्या मानेवरचं जू म्हणजे संस्कृत 'युग', त्याचं इंग्रजी 'योक'. 'अंगार' त्या वाटेने इंग्रजीत पोचला असता तर त्यात 'क' ऐकू आला असता. उलट जिथे इंग्रजी-जर्मनमध्ये 'ग' आहे तिथे संस्कृतात बऱ्याचदा 'ह' सापडतो : जर्मन 'गान्स' आणि आपला 'हंस', 'वॅगन' आणि आपला 'वह्', म्हणजे वाहून नेणे. तसंच 'अँगर' आणि 'अंहस्'. अंगाराचे खरे सोयरे रशियनमध्ये आहेत, तिथे कोळशाला 'ऊगल' म्हणतात. व्यासपीठावरून 'अंगारापासून अँगर' सांगितलं की टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच फोनवर फिरतं. संस्कृताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी संस्कृताचे खरे नातेवाईक ओळखावेत. खोटं नातं जोडून आपण 'अंहस्'सारखा अस्सल शब्द अंधारात ठेवतो, याचा मला मनापासून राग येतो.

'अंहस्' मराठीत टिकला नाही. कल्पना मात्र टिकली. 'संकट' हा शब्द संस्कृतात मुळात विशेषण आहे, अर्थ अरुंद, दाटीचा. अरुंद वाट ती संकट वाट, आणि तिथून मग आपत्ती. त्याचं मराठी रूप 'सांकड', म्हणजे अरुंद, आणि 'साकडं'. आपण अंबाबाईला साकडं घालतो. लॅटिन 'अंगुस्तिआ' ज्या वाटेने 'अँग्विश' झाली, त्याच वाटेने 'संकट' 'साकडं' झालं : आधी जागा अरुंद, मग जीव अरुंद.

साकडं घालणं म्हणजे विनंती करणं, असा अर्थ देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. विनंतीला उपाय उरलेले असतात. साकडं घालणारा स्वतःची कोंडी उचलून देवीच्या पायाशी ठेवतो आणि म्हणतो, आता यात तूच सापडलीस, तूच वाट काढ. माझ्या मते त्या 'घालणे'त ही जबरदस्ती आहे, देवावर हक्क सांगणारी, आणि म्हणूनच 'साकडं करतो' किंवा 'साकडं देतो' असं कोणी म्हणत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र 'उड्डाणपुलासाठी पालकमंत्र्यांना साकडं' असे मथळे देऊन त्याचं निवेदन करून टाकलं आहे. जिथे अर्ज, मागणी, निवेदन असे तीन शब्द हाताशी आहेत, तिथे हा चौथा कशाला खर्ची घालायचा?

मुलाखतीकडे परत येऊ. तिथे बसलेले असताना 'नर्व्हस'. मुलाखत झाली, निकाल लागायचा आहे आणि घशाशी काही अडकून बसलं आहे, तेव्हा 'अँक्शस'. काय होणार याची आधीच चाहूल लागून मन मागे सरत असेल तर 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह'. 'अँग्विश' मुलाखतीत नको.

आणि 'आय अ‍ॅम अँक्शस टू जॉइन' हे वाक्य चूक ठरवणाऱ्या इंग्रजीच्या कडव्या रखवालदारांचं ऐकू नका. 'अँक्शस'मध्ये चिंताच हवी, उत्सुकतेला 'ईगर' म्हणा, असा त्यांचा हट्ट असतो. इंग्रज लोक अठराव्या शतकापासून तो शब्द उत्सुकतेसाठी वापरत आले आहेत. चिंता आणि उत्सुकता शेजारी राहतात हे आपल्याला नवं नाही. 'उत्कंठा' या शब्दात मान वर करून वाट बघणारा माणूस आहे, म्हणजे तीही गळ्याचीच गोष्ट. फक्त पुढचा शब्द नीट निवडा. 'अँक्शस अबाउट द रिझल्ट' म्हणजे निकालाची धास्ती, 'अँक्शस टू जॉइन' म्हणजे रुजू व्हायची घाई. मुलाखत घेणाऱ्यांसमोर दुसरं वाक्य बोलायला हरकत नाही, पहिलं घरच्यांना सांगा.