मार्चमध्ये आईवडील आणि मुलांना घेऊन माथेरानला तीन दिवस राहिलं तर कंटाळा येईल का?

येईल की. थोडा कंटाळा यावा म्हणूनच तिथे जायचं असतं. पण खाली तुम्ही "तीन दिवसांत किती पॉइंट बघून होतील" असंही विचारलंय, आणि ते वाचून मला आमचे साडू आठवले.

साडूंचं ठाम मत असं की माथेरान एका दिवसाचं काम आहे. सकाळी नेरळ, रात्री घरी. महाबळेश्वरला कसं, गाडीतून उतरा, फोटो काढा, पुढचा पॉइंट. एका मार्चमध्ये दोन्ही बिऱ्हाडं आणि सासूबाई मिळून माथेरानला गेलो, तर यांची यादी घरूनच तयार: पॅनोरमा, एको, लुईझा, शार्लोट लेक, पॉर्क्युपाइन. दुसऱ्या दिवशी उजाडताच घोडे ठरवून निघालेसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "मला नाही बाई झेपायचं, तुम्ही या जाऊन." मी आणि माझी धाकटी त्यांच्याजवळ थांबलो.

व्हरांड्यासमोर अंजन फुलला होता. त्याची फुलं थेट फांदीलाच चिकटून येतात, निळीजांभळी, झुबकेच्या झुबके, आणि खाली लाल मातीवर त्यांचा सडा. शेजारच्या जांभळीवर एक शेकरू घरटं बांधत होतं. पानांसकट डहाळी दातांनी तोडायची, तोंडात धरून दुबेळक्यापर्यंत न्यायची, खोचायची, दाबून बघायची, परत यायचं. मध्येच एक डहाळी त्याने खाली टाकून दिली. सासूबाई म्हणाल्या, "पसंत नाही पडली." मग प्रत्येक डहाळीवर आजी-नातीची पैज लागायला लागली, ठेवणार की टाकणार. चहा गार झाला, पोहे गार झाले. शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे धाकटीने शाळेत पाठ केलं होतं, दिसलं तेव्हा पहिल्यांदाच.

साडू भर दुपारी परतले. भुवयांपर्यंत लाल धूळ, बसताना खाली उशी लागत होती. "सात पॉइंट झाले!" मी विचारलं, कुठला आवडला? तर फोन काढून बघायला लागले. आणि हा माणूस आजतागायत प्रत्येक बारशाला, मुंजीला पंगतीत सांगतो, माथेरानला बघण्यासारखं काही नाही म्हणून.

असो. तुमचं बोलू. तीन दिवस राहा, पण सोमवार ते गुरुवारमध्ये. शनिवार-रविवार आणि होळीची सुट्टी जोडून आली असेल तर नकोच. नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ सालची, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली. वीसएक किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते. साडूंच्या भाषेत वेळेचा सत्यानाश. मुलांना विचारून बघा. तिकीट मिळालं नाही तर टॅक्सीने दस्तुरीला, म्हणजे गाड्या जिथे थांबतात त्या नाक्यावर उतरा आणि जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानपर्यंतची शटल गाडी पकडा. तिथे कोणी "शटल बंद आहे, स्टेशन लांब आहे" म्हणालं तर ऐकू नका, स्वतः खिडकीवर जाऊन विचारा. याच फसवणुकीविरुद्ध माथेरानकरांनी २०२५ च्या मार्चमध्ये गाव बंद ठेवलं होतं.

दिवसाला एक पॉइंट पुरे, तोही चालत आणि उन्हं कलल्यावर. मार्चमध्ये दुपारी चांगलंच तापतं, जेवून ताणून द्या. खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडं सरळ ओढून नेतात.

आता एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती. तुमच्या आईवडिलांचे गुडघे कसे आहेत? दस्तुरीपुढे तुमची गाडी जात नाही. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय, ई-रिक्षा आल्यात, पण त्या हव्या तेव्हा मिळतीलच या भरवशावर राहू नका. हॉटेल बाजारपेठेजवळचंच घ्या, मग आतलं कितीही शांत आणि स्वस्त असो. दहा मिनिटंही चालवत नसेल तर सरळ महाबळेश्वरला जा, तिथे गाडी दारापर्यंत जाते आणि मार्चमध्ये स्ट्रॉबेरीही असते. एवढा मुद्दा साडूंचा मान्य. एवढाच.