शरदात घर सजवताना

नवीन घर आणि पहिलाच दसरा, म्हणून एकदम खरेदीला धावू नकोस. आधी घर वाळव. आपल्या कोल्हापूरचा पाऊस भिंतीत मुरलेला असतो. ओल असलेल्या भिंतीला नवा पडदा किंवा चित्र लावलंस की महिन्यात बुरशी धरते. ऑक्टोबरचं कडक ऊन त्यासाठीच वापर. खिडक्या उघड, गाद्या-उशा गच्चीवर टाक.

मग रंग दोनच ठेव: झेंडूचा केशरी आणि घोंगड्याचा काळा-करडा. सोफ्यावर घडी घालून टाकलेलं घोंगडं मला कुठल्याही महागड्या थ्रोपेक्षा देखणं वाटतं. फक्त आधी उन्हात झटक, लोकरीला कसर लागते.

आईकडचं पितळी घंगाळ माळ्यावर पडलंय ना? ते खाली काढ. चिंच-मीठ लावून घास, पाणी भर आणि वर झेंडू, शेवंती सोड. बस्स, शेजारी दुसरं काही मांडू नकोस. पाणी रोज बदलायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो.

गावाकडून भात कापणीच्या वेळी लोंब्यांची एक जुडी मागून घे. सावलीत उलटी टांगून वाळव, उन्हात नको, रंग उडतो. मातीच्या मडक्यात उभी केलीस की कित्येक महिने टिकते.

दिवा पिवळसर उजेडाचा लाव. पांढऱ्याखाली झेंडूसुद्धा फिका दिसतो.

आणि दसऱ्याचं तोरण सुकलं की फुलं चुरून कुंडीत पेर.