जुन्या पिकअपची दुखणी: वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

यावेळच्या प्रश्नांत दहा-बारा वर्षं राबलेल्या डिझेल पिकअपच जास्त आहेत. बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्याच वयाच्या गाड्या. बदललेल्या पार्टची यादी बहुतेकांनी पाठवली आहे, पण बिघाड नेमका कधी होतो हे मोजक्यांनीच लिहिलंय. गाडी गार असताना की तापल्यावर, मोकळी असताना की भरलेली, एवढं तरी पुढच्या वेळी जरूर लिहा.

प्रश्न: सकाळी गाडी चालू व्हायला फार वेळ घेते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालते. फिटर म्हणतो डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेट करू. करू का? (जुन्नर तालुका)

उत्तर: थांबा. पंपाचा खर्च मोठा असतो आणि तुमची लक्षणं पंपाकडे बोट दाखवत नाहीत. उद्या सकाळी सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरजवळ उभं करा. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, अशा वेळी पांढरा धूर येत असेल तर डिझेल इंजिनात पोचतंय आणि जळत नाहीये. मग गार इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग (तुमच्या इंजिनाला असतील तर) आणि कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का याकडे, बघावं लागेल. धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोचत नाही. दिवसभर बिनबोभाट चालणाऱ्या गाडीत बहुधा हेच निघतं: रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. यालाच आपण ‘गाडी एअर घेते’ म्हणतो.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढीची असते. तिथे बारीक चीर असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवाच आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं. म्हणून ‘कुठेच लीक नाही’ असं डोळ्यांनी बघून ठरवता येत नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडी पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी बसवा आणि चालू इंजिनावर बघा. बुडबुडे सरकताना दिसले की शंका मिटली.

आणखी एक बिनखर्ची परीक्षा आहे. एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून लावा, चाकांना दगड लावायला विसरू नका. टाकी इंजिनापेक्षा वर राहिल्याने सकाळी गाडी पटकन चालू झाली, तर दोष लाइनमध्येच आहे. मग क्रमाने बघा: टाकीजवळचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा, फिल्टरच्या डोक्याचं सील, बँजो बोल्टखालचे (लाइन जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, डिझेलच्या हातपंपाचं रबर आणि फीड पंपातला, डिझेल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. जुनेच दाबून बसवले की तीच तक्रार परत येते. हे सगळं निर्दोष निघालं, तरच पंपाचा विषय काढायचा.

प्रश्न: रत्नागिरीहून मासळी घेऊन कोल्हापूरला जातो. आंबा घाट चढताना काटा लाल रेघेला टेकतो, सपाटीवर ठीक असतो. थर्मोस्टॅट काढून टाकला तरी फरक नाही. हेड उघडावं लागेल का?

उत्तर: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आधी परत बसवा. तो काढला की इंजिन गार चालतं, डिझेल जास्त खातं आणि लाइनर (सिलिंडरच्या आतलं अस्तर) लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत तो नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरत राहतो. घाटात उलट जास्तच तापतं.

गाडी कुठे तापते त्यावरून बराच अंदाज बांधता येतो. ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या तापत असेल तर पंख्याकडे बघायचं. चढावर लोडमध्ये तापत असेल तर रेडिएटर, पाण्याचा पंप आणि हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचं डोकं (हेड) आणि ब्लॉक यांमधल्या सीलकडे. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारात बसतं, पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी हळू चालते, त्यामुळे पंखाही तपासा. व्हिस्कस पंखा (तापल्यावरच घट्ट पकडणाऱ्या कपलिंगचा) असेल तर इंजिन बंद आणि गार असताना हाताने फिरवून बघा. जड फिरला पाहिजे. ढकलल्यावर मोकळा गरगरत राहिला तर कपलिंग गेलं.

मासळीच्या गाड्यांना एक खास रोग असतो. बर्फाचं खारं पाणी गाडीभर उडतं, त्यात रस्त्याची धूळ बसते आणि रेडिएटरच्या पत्र्यांची माती होते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आतल्या बाजूला बोट लावलं की पत्रा चुरा होऊन हातात येतो. तसं असेल तर धुऊन काही होणार नाही, कोअर बदला. पत्रा शाबूत असेल तर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने पाणी मारून धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळ धरला की पत्रे आडवे पडतात आणि वारा कायमचा बंद होतो.

आतून चोंदलाय का ते बघायला गाडी तापवून बंद करा आणि थर्मामीटर गन असेल तर रेडिएटरभर फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्यांत पाणी फिरत नाही. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घालणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं. निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे.

हेड उघडायच्या आधी एवढं करा. पूर्ण गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. सुरुवातीला थोडी हवा निघेल, पण बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर गॅस्केट उडालंय असं धरा. तसं नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. आणि घाटात काटा वर गेला की गरम झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं.

प्रश्न: नवी बॅटरी टाकली, सेल्फ रिपेअर केला, तरी तो कण्हत कण्हतच फिरतो. (सांगोला)

उत्तर: मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे दोन्ही बरोबर असेल तर बॅटरी आणि अल्टरनेटर बहुधा निर्दोष आहेत. आता मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब आहे. मीटर नसेल तर जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाला लावून सेल्फ मारा. चटकन फिरला तर रोग सापडला.

जुन्या गाडीत इंजिन आणि चेसिसला जोडणारी विणलेली पट्टी गंजते, किंवा क्लच-गिअरबॉक्सचं काम करताना ती काढली जाते आणि परत रंगावरच बसवली जाते. बोल्टखालचा रंग घासून लखलखीत लोखंड करा, पट्टी नवी टाका, वरून ग्रीस लावा. बॅटरीवाला मात्र हे तुम्हाला सांगणार नाही.

प्रश्न: अल्टरनेटरची वाइंडिंग करून आणली आणि तेव्हापासून ब्रेक दगड झालाय. दोन्हीचा काही संबंध असू शकतो का? (मंचर)

उत्तर: थेट संबंध आहे. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला (पेडल हलकं करणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम देणारा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. त्याला इंजिनातून ऑइलची बारीक नळी येते. वाइंडिंगवाल्याने नळी दाबून बसवली किंवा व्हॅक्यूमचा पाइप सैल ठेवला, की पेडल कडक झालंच.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पाइप, त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह आणि पंप याच क्रमाने तपासा. ऑइल न मिळता पंप फिरत असेल तर तो आतून लवकर खलास होतो, त्यामुळे ‘करू पुढच्या आठवड्यात’ नको. हे होईपर्यंत गाडीत माल भरू नका.

प्रश्न: मागून येणारे सांगतात की माझी गाडी तिरकी चालते. अलाइनमेंट दोनदा केली. मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकायचाही विचार आहे. (वैजापूर)

उत्तर: अलाइनमेंटवाले बहुतेक पुढचीच चाकं बघतात, तुमचा घोळ मागे असावा. स्टिअरिंग सरळ करा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरा, डावीकडे आणि उजवीकडे. दोन मापांत सेंटिमीटरभराहून जास्त फरक आला तर मागचा अ‍ॅक्सल सरकलाय. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला सापडेल. तो उगाच तुटत नाही. आधी पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्ट ढिले होतात आणि सगळा हिसका त्याच्यावर येतो. नुसता सेंटर बोल्ट बदलून उपयोग नाही. यू बोल्ट नवे टाका आणि एक-दोन भरलेल्या खेपा झाल्यावर पुन्हा कसून घ्या.

जादा पाट्याला माझा विरोध आहे. बऱ्याच पिकअपना मागे लोड बघून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर किती कमी झालं त्यावरून तो लोड ओळखतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही कमी बसते, व्हॉल्व्हला ती मोकळी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. पाटे बसले असतील तर कंपनीच्या मापाचा नवा सेट घाला.

प्रश्न: काळ्या धुरामुळे पीयूसी मिळत नाही. (बार्शी)

उत्तर: बीएस ४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे. नीट ठेवलेली जुनी गाडी त्यात बसते. पहिल्यांदा एअर फिल्टर बदला, झटकून परत बसवू नका. टर्बो असेल तर त्याचे पाइप फाटलेत का बघा. मग डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टरवर फवारा तपासून घ्या. धार किंवा थेंब पडत असेल तर धूर तिथलाच. तपासणीला जाताना दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण तापवून जा. पंपाचं सील तोडून डिझेल कमी करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका: धूर कमी होईल, पण माल भरल्यावर गाडी ओढणार नाही आणि आठवड्याभरात तुम्हीच स्क्रू परत फिरवून घ्याल.