दहा हजारांतले चार

पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नववीच्या वर्गात त्या मुलाने विचारलं, "हवेत दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार, मग त्यांनी एवढी मोठी पृथ्वी कशी तापेल?" त्यावर तू म्हणालीस, "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." उत्तर खोटं नाही. पण त्याने शंका फिटत नाही, पोरगं फक्त खाली बसतं. परत तो हात वर करील की नाही, याचीच मला काळजी वाटते.

पुढच्या तासाला सुरुवात निफाडच्या द्राक्षबागांपासून कर. थंडीत आभाळ निरभ्र असलं की तिकडे पहाटे पारा झरझर उतरतो आणि बागाईतदार शेकोट्या पेटवून बाग जपतात. ढग आले की तोच गारठा कमी. जमीन तिची उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात सतत वर सोडत असते. ढग ती शोषतात आणि बरीचशी खाली परत पाठवतात. मुलांच्या अंगाला हे ठाऊक असतं, तू फक्त त्याला नाव द्यायचं.

मग त्या चार रेणूंकडे ये. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा 99 टक्के भाग, पण त्यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे. ते कितीही थरथरले तरी विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, म्हणून अवरक्त किरण त्यांच्यातून सरळ निघून जातात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा आणि तो मधोमध वाकतो. हे वाकणं 15 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास तरंगलांबी असलेल्या किरणांशी जुळतं, आणि पृथ्वी तर त्या पट्ट्यात भरपूर उष्णता बाहेर टाकत असते.

तरीही "चारच" हा शब्द त्याच्या डोक्यातून जाणार नाही. त्यासाठी एक गणित. सगळी हवा जमिनीलगत असते तेवढीच दाट धरली, तर वातावरणाची उंची सुमारे 8,400 मीटर भरते. त्याला 0.00042 ने, म्हणजे दहा हजारांतल्या त्या चारांच्या नेमक्या प्रमाणाने, गुण. साडेतीन मीटर! डोक्यावर निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा, वर्गाच्या छताएवढा उंच थर. 1856 मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यात हा वायू भरून उन्हात ठेवला, तेव्हा तो साध्या हवेहून जास्त तापला आणि निवायलाही जास्त वेळ लागला. त्यांच्या प्रयोगात अवरक्त किरण वेगळे काढलेले नव्हते. ते काम 1859 पासून लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी केलं.

आता खरा अवघड आक्षेप, आणि हुशार मुलगा तिथे पोचतोच. साडेतीन मीटर थर जर 15 मायक्रॉनचे किरण आधीच पुरते अडवत असेल, तर आणखी वायू घालून काय फरक पडणार? 1900 च्या सुमारास स्वीडनमध्ये ऑंगस्ट्रॉम यांनी हेच म्हटलं, आणि स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये मांडलेलं तापमानवाढीचं गणित अनेकांनी बाजूला ठेवलं. उत्तर सापडतं ते वातावरणाकडे वरून पाहिलं की. उष्णता अवकाशात निसटते ती जमिनीवरून थेट नव्हे, तर खूप उंचावरून, जिथे वरची हवा पुरेशी विरळ असते. वायू वाढला की ही निसटण्याची पातळी आणखी वर सरकते. तिथे हवा जास्त थंड, आणि थंड हवा कमी उष्णता सोडते. ऊन तेवढंच येतं, बाहेर जाणं मात्र घटतं. मग हिशेब जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. ही पायरी घाईने उरकू नकोस. गरज पडली तर अख्खा तास दे.

मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांच्या 1967 च्या गणितात या वायूमुळे खालचं तपांबर तापतं, वरचं स्थितांबर मात्र थंड होतं. पुढे मोजमापांत तसंच दिसलं. सूर्य जास्त तापल्यामुळे हे घडत असतं, तर वरचाही थर तापला असता.

कुणी म्हणेल, पाण्याची वाफ याहून जास्त उष्णता अडवते. बरोबर आहे, लगेच मान्य कर. पण वाफ आठवड्या-दोन आठवड्यांत पाऊस होऊन खाली येते आणि हवेत किती मावेल हे तापमान ठरवतं, दर अंशाला सुमारे 7 टक्के जास्त. कार्बन डायऑक्साइड आधी तापवतो, वाफ ते वाढवते. आणि आज सोडलेल्यातला मोठा वाटा शतकानुशतकं हवेत राहणार आहे. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

'हरितगृह' हा शब्द सांभाळून वापर. पॉलिहाउस तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जात नाही म्हणून. इथली गोष्ट किरणांची आहे.

आकडे दोनच पुरेत. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 313 होते, आता 420 च्या वर आहेत. मुलांना लांबचं वाटलं तर सिंहगड सांग. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2009 पासून तिथे हवेचे नमुने घेऊन हाच वायू मोजायला सुरुवात केली. पिठलं-भाकरीसाठी गडावर जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

साडेतीन मीटरचं गणित तू करू नकोस. त्या मुलालाच फळ्याजवळ बोलाव, खडू त्याच्या हातात दे. आणि उत्तर आल्यावर तो पुढे काय विचारतो, ते मला लगेच कळव.

तुझे,
सर